उरलेल्या चौदा जणांचं काय?

सकाळचे सव्वासात वाजले होते. डोंबिवली पूर्वेतल्या एका जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, केदार वैशंपायन पोह्यांची डिश घेऊन टेबलाशी बसला होता. पावणेआठला घर सोडलं नाही तर ठाण्याच्या ऑफिसात वेळेवर पोचणं कठीण. समोर त्याचे वडील सुधीरराव बसले होते. घरातच काय, अख्ख्या सोसायटीत त्यांना अप्पा म्हणत. अप्पांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि पहिला भुरका मारला.

केदारने चमचा डिशमध्ये आपटला.

"अप्पा, किती वेळा सांगायचं? आवाज न करता चहा पिता येत नाही का तुम्हाला?"

पोहे अर्धे टाकून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. छातीत धडधडत होतं. त्याची बायको नीरजा स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी राहिली. अप्पांनी बशी खाली ठेवली. उरलेला चहा त्यांनी घेतलाच नाही.

वाचकहो, "काय हा उर्मट मुलगा!" असं तुमच्या मनात आलं असेल, तर त्यात तुमची काही चूक नाही. केदारच्या नातेवाइकांचंही हेच मत होतं. पण गोष्ट तेवढी सरळ नव्हती. चावण्याचा, भुरक्याचा, मचमच करण्याचा आवाज कानावर पडला की केदारच्या अंगाची आग व्हायची. बारा वर्षांचा असल्यापासून हे चाललेलं. आवाज थांबला की राग ओसरायचा आणि मागे उरायची ती शरम. ऑफिसात तो डबा जिन्यात उभा राहून खायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "फोन यायचाय." ज्या बापाने आपल्याला शिकवलं त्याच्यावर आपण चहासाठी ओरडतो, हे त्याला कळत नव्हतं का? कळत होतं. तेच तर जास्त लागत होतं.

शेवटी नीरजाने त्याला कल्याणला डॉ. मृणाल गायकवाड यांच्याकडे नेलं. या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी पाऊण तास सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"केदार, याला मिसोफोनिया म्हणतात," त्या म्हणाल्या. "ठरावीक आवाजांचा असह्य त्रास. तुम्ही नाटक करत नाही आहात, आणि तुम्ही वाईट मुलगाही नाही."

केदारचे डोळे भरून आले. सव्वीस वर्षांत हे वाक्य त्याला कुणी ऐकवलंच नव्हतं.

"मग गोळी द्या ना डॉक्टर."

"खास या त्रासासाठी सिद्ध झालेली गोळी आज तरी माझ्याकडे नाही. काही औषधांवर छोटे छोटे अभ्यास झालेत, पण ती नुसती सुरुवात आहे. समुपदेशनाचा अभ्यास त्यापेक्षा बरा झालाय. त्याने बऱ्याच जणांचा त्रास कमी होतो. दर आठवड्याला यावं लागेल. वेळ लागेल, पण आपण करू."

केदार दोनदा गेला. तिसऱ्या वेळी ऑफिसचं काम निघालं, चौथ्या वेळी त्याने कारण शोधलं. त्याला आठवडे नको होते, उद्या सकाळ हवी होती. त्यातच एके दिवशी जेवताना अप्पा सहज बोलल्यासारखं बोलले, "टिटवाळ्याची खोली रिकामीच आहे. मी तिकडे राहतो थोडे दिवस. हवा पण चांगली आहे."

हवेचं कारण खोटं आहे हे टेबलाशी बसलेल्या तिघांनाही कळलं. "बघू नंतर," म्हणत नीरजाने त्यांचं जाणं तेवढं पुढे ढकललं.

त्याच सुमारास केदारला फोनवर एक ग्रुप सापडला. ठाणे ते टिटवाळा या पट्ट्यातले, आवाजाचा असाच त्रास असलेले साठ-पासष्ट लोक त्यात होते. कल्याणात विजेच्या सामानाचं दुकान असलेल्या कमलेशने तो सुरू केला होता. कमलेश मनाचा मोठा. कुणाचंही दुखणं रात्री-अपरात्री ऐकून घेणारा. त्याला स्वतःला नाक ओढण्याचा आवाज सहन व्हायचा नाही, आणि सात वर्षं लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं.

एका सोमवारी कमलेशचा मेसेज आला: "मित्रांनो, औषध सापडलं! परदेशातल्या डॉक्टरांचा शोधनिबंध! आठपैकी सहा पेशंट बरे! हृदयाची धडधड कमी करायला देतात तीच जुनी गोळी. आपल्या ओळखीच्या दुकानातून मिळेल, चिठ्ठी लागणार नाही."

केदारने डॉक्टरांना विचारलं नाही. विचारलं तर त्या 'थांबा' म्हणतील ही भीती होती. पुढच्या दिवसापासून त्याने गोळी सुरू केली. आणि काय आश्चर्य! दुसऱ्या आठवड्यात तो अप्पांसमोर बसून पूर्ण नाश्ता करून उठला. तिसऱ्या आठवड्यात तर त्यांच्याशी क्रिकेटवर गप्पा मारल्या. त्या आनंदात त्याने ग्रुपवर लांबलचक मजकूर लिहिला. शेवटी मोठ्या अक्षरात टाकलं, "मी बरा झालोय! तुम्हीही व्हाल!"

अभिनंदनाचा पाऊस पडला. आणखी आठ जणांनी "मलाही गुण आला" असं कळवलं. कमलेशने तर ठाण्याला नौपाड्यातलं एक सभागृहच ठरवलं. रविवारी सकाळी मेळावा, केदार प्रमुख वक्ता, आणि येणाऱ्या प्रत्येकाला गोळ्यांचं एक पाकीट.

शुक्रवारी संध्याकाळी केदार टेबलाशी बसून भाषण लिहीत होता. अप्पांनी चष्मा पुसत विचारलं, "तो शोधनिबंध आहे का रे तुझ्याकडे? कमलेशचा मेसेज नको. मूळ निबंध."

अप्पांनी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात, तपासणी विभागात एकतीस वर्षं काढली होती. तिथे अप्पांची सही झाल्याशिवाय गोळ्यांचं एक खोकंही फाटकाबाहेर जात नसे. केदारने जरा कौतुकानेच निबंध छापून दिला. चार पानं होती. अप्पांनी ती पेन्सिल घेऊन तासभर वाचली.

"केदार, हे डॉक्टर लोक फार प्रामाणिक आहेत," ते म्हणाले. "शेवटचा परिच्छेद वाचलास?"

"वरचा सारांश वाचलेला. निष्कर्ष तोच ना?"

"नाही. शेवटी ते लिहितात, 'आमचे पेशंट फक्त आठ होते. त्यांची तुलना आम्ही कुणाशीही केलेली नाही. आपण औषध घेतोय हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मोठी चाचणी होईपर्यंत यावरून काही ठरवू नये.' तुमच्या मेसेजात नेमकं एवढंच गाळलंय."

"पण सहा जण बरे झाले ना अप्पा!"

"झाले. चार आठवडे बरं वाटलं. त्यातले तिघे त्याच वेळी समुपदेशनालाही जात होते, हे दुसऱ्या पानावर आहे. मग गुण कशाचा? अरे, एका चाचणीसाठी आम्ही कारखान्यात बिनऔषधाच्या गोळ्या केलेल्या. रंग तोच, आकार तोच, आत औषध शून्य. त्या घेऊनसुद्धा काही माणसं 'बरं वाटतंय' म्हणत होती, आणि ती खोटं बोलत नव्हती! आशेनेही बरं वाटतं माणसाला. म्हणून तर अर्ध्यांना खरी आणि अर्ध्यांना साधी गोळी देऊन फरक बघतात."

केदार चिडला. "म्हणजे मला बरं वाटतंय ते खोटं? मी स्वतः तुमच्यासमोर बसून खातो आता! याहून मोठा पुरावा काय पाहिजे?"

अप्पांनी निबंधाची पानं जुळवायला घेतली. ते काही सांगायचं टाळताहेत हे नीरजाने ओळखलं. हातातली भाजी बाजूला ठेवून ती बाहेर आली.

"ते सांगणार नाहीत, मी सांगते. तू गोळी सुरू केलीस ना, त्याच आठवड्यात अप्पांनी बशी सोडली. चहा कोमट करून ग्लासातून पितात. पोळी दुधात कुस्करून खातात. चिवडा खावासा वाटला तर पुडी घेऊन खाली बाकावर जाऊन बसतात. आणि सकाळी मी रेडिओ लावून ठेवते, तोसुद्धा त्यांच्याच सांगण्यावरून. दोन महिने झाले केदार. तुझ्या लक्षात आलं?"

केदारच्या हातातलं पेन तसंच राहिलं. नाही, त्याच्या लक्षात आलं नव्हतं. येणारा प्रत्येक आवाज त्याला टोचायचा, पण न येणारा आवाज कुणाच्या लक्षात येतो! ज्या माणसाला आपण घराबाहेर ढकलत होतो तो आपल्यासाठी गुपचूप स्वतःच्या जिभेची चव मारून बसला होता, आणि आपण त्याचं सगळं श्रेय एका गोळीला देऊन मोकळे झालो होतो!

भाषणाचे कागद बाजूला सारत तो म्हणाला, "म्हणजे गोळी खोटी."

"असं कुठे म्हटलं मी?" अप्पा म्हणाले. "गुण गोळीचा असेल. माझ्या ग्लासाचा असेल. दोन्हींचा असेल. आपल्याला माहीत नाही, एवढंच मी म्हणतो. गोळी देव्हाऱ्यात बसवू नकोस आणि गटारातही फेकू नकोस. 'माहीत नाही' म्हणायला कसली लाज?" मग त्यांनी पेन्सिल उचलली. "मला सांग, तुमच्या ग्रुपमध्ये गुण आला असं किती जणांनी लिहिलं?"

"माझ्यासकट नऊ."

"आणि गोळी घेतली किती जणांनी?"

केदारने कमलेशची यादी उघडली. "तेवीस."

"मग उरलेल्या चौदा जणांचं काय?"

हा प्रश्न केदारला कधी पडलाच नव्हता.

शनिवारी सुट्टी होती. सकाळी नऊला बापलेक टेबलाशी बसले. केदार फोन लावायचा, अप्पा वहीत लिहायचे. किती दिवस घेतली? काय वाटलं? काही त्रास? अजून घेता का? आधी कुठला आजार आहे का? सगळ्यांना तेच पाच प्रश्न, त्याच क्रमाने. "एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं विचारलं की उत्तरं जुळत नाहीत," अप्पांनी बजावलं होतं.

दुपारपर्यंत वहीचं चित्र स्पष्ट झालं. चौदांपैकी सात जणांना काडीचाही फरक पडला नव्हता. चौघांनी गोळी मध्येच सोडली होती. कुणाला चक्कर यायची, कुणाचे हातपाय गार पडायचे, एकाला दिवसभर झोप यायची. दोघांनी फोन उचलला नाही. ग्रुपवर यांतलं काहीच का लिहिलं नाही असं विचारलं, तर जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच: "सगळे बरे होतायत, मग आपलंच रडगाणं कशाला?"

चौदावं नाव सगुणाचं होतं. ती दिव्याला राहायची. एका पोळीभाजी केंद्रात कामाला होती. महिन्याभरापूर्वी ती ग्रुपमधून न सांगता बाहेर पडली होती. फोनवर ती एवढंच बोलली, "मी दवाखान्यात होती ना दादा. आता ठीक आहे."

केदार आणि अप्पा तासाभरात दिव्याला पोचले. चाळवजा इमारतीच्या जिन्यात पाण्याचे ड्रम ओळीने लावलेले, दोन दिवसांनी टँकर आलेला, खाली बायकांची गर्दी. तिसऱ्या मजल्यावर सगुणाने दार उघडलं. पस्तिशीची, बारीक अंगाची बाई. तीन जिने चढून आलेल्या अप्पांपेक्षा तिलाच जास्त धाप लागली होती.

"सासूबाई सुपारी चघळतात, ते मला सहन नाय होत," ती सांगू लागली. "घरात भांडणं व्हायची. लोक बोलायचे, लय शाणी झाली. मग ग्रुपवर तुमचं वाचलं, दादा. तुम्ही लिहिलेलं ना, 'तुम्हीही व्हाल'? मी दुसऱ्या दिवशीच गोळी आणली. तीन दिवसांनी श्वासच घेता येईना. दमा आहे ना मला लहानपणापासून. दोन दिवस ऑक्सिजनवर होती. डॉक्टर ओरडले, म्हणे दमा असलेल्याने ही गोळी घ्यायचीच नसते. मला काय माहीत? मला कुणी विचारलंच नाय."

केदारला मान वर करता येईना.

"ग्रुपवर का नाही कळवलंत, ताई?" त्याने कसंबसं विचारलं.

"सगळे खूश होते. मला वाटलं माझंच शरीर वाकडं. लोकांच्या आनंदात विरजण कशाला घालायचं?"

अप्पा हळूच म्हणाले, "बाळ, तू विरजण घातलं नसतंस. तू जीव वाचवले असतेस."

घरी येताच केदारने भाषणाचे कागद फाडले आणि डॉ. मृणालना फोन केला. आधी स्वतःची चूक सांगितली, मग ग्रुपची. त्या रागावल्या नाहीत. "तुमची गोळी एकदम बंद करू नका, ती हळूहळू कमी करावी लागते. कशी ते मी सांगते," असं म्हणून त्यांनी पुढे विचारलं, "उद्या मी आले तर चालेल?"

रविवारी नौपाड्याचं सभागृह भरलं होतं. ग्रुपचे लोक होते, त्यांच्या घरचे होते, शंभराच्या वर माणूस असेल. कमलेशने दाराशीच सूचना लावली होती, 'कृपया आत काही खाऊ नये.' व्यासपीठावरच्या टेबलावर गोळ्यांच्या पाकिटांचं मोठं खोकं होतं.

"आणि आता," कमलेश उत्साहाने म्हणाला, "बरं झालेला आपला पहिला माणूस, केदार वैशंपायन!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. केदार माइकसमोर उभा राहिला.

"मी बरा झालोय असं लिहिलेलं," तो म्हणाला. "ते मी परत घेतो. मी बरा झालो की नाही, झालो तर कशाने, हे मला माहीत नाही."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. केदारने वही उघडली आणि एकेक आकडा वाचला. गोळी घेतलेले तेवीस. गुण आला म्हणणारे नऊ. फरक नाही, सात. त्रास झाला म्हणून सोडणारे पाच, त्यांतली एक इस्पितळात. दोघांचा पत्ता नाही. मग त्याने आपल्या वडिलांच्या ग्लासाची हकिगतही सांगितली. ती सांगताना तो अडखळला, पण थांबला नाही.

कमलेश ताडकन उठला. "केदारभाऊ, हे काय चाललंय? सात वर्षं लोकांनी मला येडा ठरवला! पहिल्यांदा कुठेतरी आशा दिसली आणि तुम्ही ती हिरावून घेताय? या लोकांच्या तोंडाकडे बघा जरा!"

"बघूनच बोलतोय, कमलेश! आशा राहू दे. मलाही ती हवीय. पण मी नऊ जणांची आशा ओरडून सांगितली आणि चौदा जणांचं गप्प राहणं ऐकलंच नाही. आवाजाने आपण एवढे हैराण होतो, पण गप्प बसलेल्या माणसाकडे आपण कुणी लक्ष दिलं का?"

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठली. सगुणा होती ती! सकाळची पाळी बदलून दिव्याहून आली होती. तिने माइक घेतला नाही, उभ्या जागेवरूनच बोलली.

"मी ती इस्पितळातली. मला दमा आहे. ज्याला ज्याला दमा असेल त्याने हात वर करा."

क्षणभर कुणी हललं नाही. मग एक हात वर आला. दुसरा. तिसरा. मोजले तेव्हा सहा झाले. सहा माणसं! अर्ध्या तासाने त्या सहाही जणांच्या हातात पाकीट पडणार होतं!

कमलेशने ते सहा हात पाहिले. तो मटकन खुर्चीत बसला. त्या हातांपैकी एक त्याच्या सख्ख्या बहिणीचा होता.

"मला माहीत नव्हतं रे," तो पुटपुटला. "आईशपथ, मला चांगलंच करायचं होतं."

"ते सगळ्यांना माहीत आहे," अप्पा पहिल्या रांगेतून म्हणाले. "पण औषधाला आपली नियत कळत नाही, कमलेश."

मग डॉ. मृणाल पुढे आल्या. "आठ पेशंटांचा तो अभ्यास निरुपयोगी नाही," त्या म्हणाल्या. "कितीतरी चांगल्या औषधांची सुरुवात अशीच आठ-दहा माणसांपासून झालीय. असा अभ्यास आपल्याला एक प्रश्न देतो: हे औषध खरंच काम करतं का? तुम्ही त्या प्रश्नालाच उत्तर समजलात. पण या वहीत तुम्ही जे केलंत ना, गुण आलेले, न आलेले, त्रास झालेले, सगळे एका पानावर आणलेत, ते तुमच्या सगळ्या मेसेजेसपेक्षा मोलाचं आहे. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात या गोळीची नीट चाचणी सुरू व्हायची आहे. आधी प्रत्येकाची तपासणी होईल. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना साधी. कुणाला कोणती ते डॉक्टरलाही माहीत नसेल. त्यांना माणसं हवी आहेत."

"आणि आपल्याला साधी गोळी मिळाली तर?" एका तरुणीने विचारलं.

उत्तर कमलेशने दिलं. तो उभा राहिला होता, डोळे लाल झाले होते.

"मिळाली तर मिळाली! निदान पुढच्याला खरं काय ते कळेल. माझं नाव लिहा डॉक्टर. पहिलं माझं लिहा."

त्याने टेबलावरचं खोकं उचललं, बंद केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "हे आज औषधाच्या दुकानात परत जाणार. एकही पाकीट वाटणार नाही."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! केदारच्या नावाने वाजल्या होत्या त्यापेक्षा दुप्पट! खरं तर आवाजाने हैराण होणारी ही माणसं, पण त्या दिवशी एकाही माणसाने कानावर हात ठेवला नाही.

घरी पोचल्यावर केदारने टिटवाळ्याच्या खोलीची किल्ली मागून घेतली आणि कपाटात ठेवून दिली. "ती भाड्याने देऊ. तुम्ही कुठेही जायचं नाही," तो म्हणाला. "मी समुपदेशनाला जातो. माझ्यासाठी तुम्ही एकट्यानेच का म्हणून बदलायचं? निम्मं तरी मी बदलेन." अप्पांनी मान हलवली. एवढंच. पण त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले, असं नीरजा अजून सांगते.

केदारची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुटली. समुपदेशन मात्र सुटलं नाही. पहिल्यांदा अप्पांबरोबर पाच मिनिटं बसणं झालं, मग दहा, मग पूर्ण जेवण. त्रास अजून होतो, पण आता त्याला उठून न जाता तो सांगता येतो. मे महिन्यात कल्याणला मामेबहिणीच्या लग्नात तो पंगतीला बसला, चाळीस माणसांच्या मध्ये, आणि मठ्ठा संपेपर्यंत उठला नाही. समुपदेशनाचाच गुण का, असं नीरजाने विचारलं तर हसून म्हणाला, "असेल. पण मी एकटाच आहे ना. एका माणसावरून काय सिद्ध होतंय?"

ग्रुपही बदलला, वाढलाही. आता तिथे कुठलाही उपाय टाकायचा असेल तर आधी सांगावं लागतं: किती माणसांवर केला, कुणाशी तुलना केली, आणि ज्यांना गुण आला नाही त्यांचं काय झालं? मागच्याच महिन्यात 'कानाला कायमची शांती' देणाऱ्या कुठल्याशा चूर्णाची जाहिरात आली. ती अडवली कुणी? कमलेशने! "निबंध दाखवा, नाहीतर रस्ता धरा," असं त्याने लिहिलं, आणि खाली शंभर अंगठे उमटले.

सगुणाला दम्यामुळे चाचणीत भाग घेता आला नाही. पण ग्रुपने तिला त्याहून मोठं काम दिलं. जो सभासद अचानक गप्प होतो त्याला ती फोन करते. "काय झालं, सांग ना. बरं नसेल वाटत तरी सांग," एवढंच विचारते. तिच्या वहीत आता सत्तर नावं आहेत. तिचे सगळे तपशील डॉ. मृणालमार्फत चाचणीच्या डॉक्टरांपर्यंत जातात, आणि त्यांनी त्यावरून आपल्या प्रश्नावलीत दोन नवे प्रश्न घातले. पोळ्या लाटणाऱ्या एका बाईच्या नोंदींवरून! हे कळलं त्या दिवशी तिच्या सासूबाईंनी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले.

चाचणीसाठी एकशेवीस माणसं हवी होती. त्यांतली एक्केचाळीस या एकाच ग्रुपने दिली. निकाल यायला अजून वर्ष आहे. गोळी चालेल किंवा चालणार नाही. पण जो निकाल येईल तो खरा असेल, आणि तो आणण्यात आपला हात आहे, या अभिमानाने ती एक्केचाळीस माणसं आज ताठ मानेने वाट पाहताहेत.

मित्रहो, आपल्या प्रत्येकाच्या फोनवर रोज एखादं 'औषध सापडलं' येतंच. कधी साखरेवर, कधी गुडघ्यावर, कधी कानावर. पाठवणारा बहुधा आपलाच माणूस असतो आणि त्याचा हेतूही चांगला असतो. तरी पुढे पाठवायच्या आधी क्षणभर थांबा. नव्या उपायाची टर उडवू नका, त्याच्या पायाही पडू नका. त्याला प्रश्न विचारा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी तोंडात टाकू नका आणि दुसऱ्याच्या हातावरही ठेवू नका. आणि बरे झालेल्यांचा जयजयकार कानी पडला की जे बोलले नाहीत त्यांच्या दाराशी एकदा जाऊन या. खरं काय ते बहुतेक वेळा तिथेच कळतं!